नाशिकचा फाल्गुन-चैत्र : वीर, रहाड, पाडवा, रथ. यंदा नुसतं बघायला नको, हात लावायला या

गंगाघाट :
होळी जवळ आली की कोणी ना कोणी विचारतंच की नाशिकला रंग कधी खेळतात, रहाड कुठं असते, पाडव्याला घाटावर काय असतं, रथ किती वाजता निघतो. म्हणून सगळं एकाच धाग्यात लिहितोय, ज्याला जे माहितीय त्याने खाली भर घाला.

आधी जे बाहेरून नाशकात राहायला आलेत त्यांच्यासाठी. आपल्याकडे धुळवडीला रंग खेळत नाहीत. धुळवड वीरांची. घरोघरचे वीर, म्हणजे पूर्वजांचे टाक, हातात धरून वाजतगाजत गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, नेतात, आंघोळ घालतात, आणि होळीला फेऱ्या मारतात. पोरं राम, कृष्ण, शंकर, शिवाजी महाराज अशा वेशात असतात, हलगी वाजत असते. गावातून दाजीबा वीर निघतो, त्याला बाशिंगे वीर पण म्हणतात, हळद लागलेला नवरदेव लग्नाआधीच मारला गेला त्याची ती कथा, आणि म्हणून लग्न जमत नाही अशांचे नवस त्याला असतात. बायका दारात रांगोळ्या काढून ओवाळायला थांबलेल्या असतात. फार मोठी जाहिरात नसते याची, त्यामुळे गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडच्या कितीतरी लोकांनी हे पाहिलेलंच नाही.

मग रंगपंचमीला रहाड. पाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा, त्याच्या आधी घाटावर महारांगोळी, महावादन वगैरे. चैत्र शुद्ध एकादशीला, म्हणजे कामदा एकादशीला, काळारामाचा रथ. १४ एप्रिलला आंबेडकर जयंती. आणि मे महिन्यात गंगेवर व्याख्यानमाला. दोन-अडीच महिने गाव जागं असतं.

आता खरं सांगायचं ते हे, की गावात राहणारी घरं कमी होत चाललीत. वाडे पडले, पोरं फ्लॅटमध्ये गेली. सणाच्या दिवशी गर्दी पूर्वीपेक्षा जास्त आहे पण रहाड उघडायला, दोर धरायला, रात्री रस्ता धुवायला माणसं कमी पडतात. येणारा मोबाईल वर करून उभा राहतो आणि निघून जातो. शूट करा की, त्याला काही नाही, पण त्या आधी दोन तास काम करा. हा धागा त्यासाठी काढलाय.

नवीन_नाशिककर :
आम्ही दोन वर्षांपूर्वी नोकरीमुळे इकडे आलो, रहाड म्हणजे नक्की काय ते कोणी नीट सांगेल का? व्हिडिओत तर नुसता रंगीत पाण्याचा खड्डा दिसतो आणि लोक उड्या मारतायत. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला न्यायचं का?

तिवंध्याची_सून :
मी सांगते, माझं सासर तिथलंच. रहाड म्हणजे चौकात जमिनीखाली बांधलेला दगडी हौद, चांगला आठ-दहा फूट खोल. पेशव्यांच्या काळापासूनच्या आहेत असं सांगतात. वर्षभर ती दिसतच नाही, वर लाकडी ओंडके टाकून माती-दगडाने बुजवलेली असते आणि तिच्यावरून रोज रिक्षा, टू-व्हीलर, भाजीच्या गाड्या जातात, त्यांना पत्ताही नसतो की आपण हौदावरून चाललोय. रंगपंचमीच्या चार-पाच दिवस आधी ती उकरायला घेतात. माती काढायची, ओंडके काढायचे, आतून घासून धुवायची, आणि मग पाणी आणि रंग. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो, तिवंध्याचा पिवळा, शनी चौकाचा गुलाबी, दिल्ली दरवाजाचा केशरी. त्यामुळे संध्याकाळी रस्त्यात माणूस दिसला की तो कुठल्या रहाडीतून आला ते त्याच्या अंगावरूनच कळतं. तांबट लेनची पण जुनी आहे. पूर्वी यापेक्षा बऱ्याच जास्त होत्या असं म्हातारी माणसं सांगतात, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उघडतात.

दुपारी मानकऱ्यांच्या हातून पूजा होते आणि मगच उड्या सुरू. त्या उडीला धप्पा म्हणतात. धप्पा असा मारायचा की रंगाचं पाणी उसळून काठावरच्यांच्या अंगावर गेलं पाहिजे, सूर मारायचा नाही, डोकं खाली घालून तर कधीच नाही.

नऊ वर्षांच्या मुलाला आत नका सोडू. काठावर बाबांच्या खांद्यावर बसवा, भिजेल भरपूर. गल्लीत छोट्या पोरांचं वेगळं चालू असतं, तिथं त्याला जास्त मजा येईल.

पेठरोड :
रंगाबद्दल लिहितो. आमच्याकडे आजोबा पळसाची फुलं आणायचे, पेठ-हरसूलकडे या दिवसात पळस नुसता पेटलेला असतो. फुलं देठ काढून मोठ्या कढईत रात्रभर उकळायची, पाणी आधी फिकट पिवळं येतं, त्यात चिमूटभर चुना टाकला की बघता बघता केशरी होतं. हे डोळ्यासमोर होताना बघणं फार भारी असतं, लहान पोरं कढईभोवतीच घुटमळत राहतात. वासही वेगळाच, रानातला, थोडासा उग्र. हा रंग अंगावरून दोन दिवसांत जातो, कपड्यावर मात्र राहतो, म्हणून पांढरा सदरा घालूनच जायचं आणि तो जपून ठेवायचा.

बाजारातली पुडी ओतायला दोन मिनिटं लागतात आणि फुलांना रात्र जागावी लागते, फरक तेवढाच आहे. ज्या रहाडी अजून फुलं वापरतात तिथं जाऊन हातभार लावा, देठ खुडायला तर कोणीही बसू शकतं.

लेन्सवाली :
एक सूचना, कॉन्टॅक्ट लेन्स काढून जा, फुलांचा रंग असला तरी. मागे एकीच्या डोळ्यात रंगाचं पाणी लेन्सखाली अडकलं आणि दोन दिवस डोळा उघडत नव्हता. अंगाला खोबरेल, नखांना नेलपॉलिश, बस.

आणि बायकांचं काय हो? आम्ही लहान होतो तेव्हा आम्हाला गच्चीतून बघायला लागायचं. भाऊ रहाडीत आणि आम्ही वर. त्याचा राग अजून आहे मनात.

तिवंध्याची_सून :
@लेन्सवाली राग बरोबरच आहे. गेल्या काही वर्षांत काही रहाडींवर बायकांसाठी वेगळा वेळ ठेवायला लागलेत, आणि तो मिळाला कारण गल्लीतल्या बायका कमिटीच्या बैठकीला जाऊन बसल्या. गच्चीतून बघून तो मिळाला नसता. मी स्वतः पहिला धप्पा लग्नानंतर मारला, सासूबाई काठावर टॉवेल घेऊन उभ्या होत्या. पण गर्दी वाढली की धक्काबुक्की होते हे खरं आहे, त्यामुळे चार-पाच जणी मिळून या, आणि कोणी वेडंवाकडं वागलं तर गप्प बसू नका, काठावर जी पोरं हात देऊन बाहेर काढायला उभी असतात त्यांना सांगा, ती त्याला तिथल्या तिथे बाहेर काढतात. गल्लीचं नाव खराब झालेलं त्यांना चालत नाही.

विहीर_कोरडी :
मला एक प्रश्न पडतो, राग मानू नका. मार्चमध्ये आमच्याकडे सिन्नर-येवला बाजूला टँकर सुरू होतात. अशा वेळी शहरात हौद भरून रंग खेळायचा, हे पटत नाही मला. परंपरा आहे म्हणून सगळं चालवून घ्यायचं का?

गंगाघाट :
@विहीर_कोरडी राग कसला, विचारायलाच पाहिजे. माझं म्हणणं असं की रहाड ही मुळात पाणी वाचवणारीच पद्धत आहे, एक हौद भरला की त्यात दिवसभरात अख्खा चौक आणि बाहेरून आलेली माणसं रंगून जातात. आज सोसायट्यांमध्ये, रिसॉर्टमध्ये शॉवर लावून रेन डान्स चालतो तिथं पाणी सतत वाहत असतं आणि थेट गटारात जातं. बंद करायचं असेल तर ते आधी बंद करा. दुष्काळाच्या वर्षी रहाडीही न उघडता नुसती पूजा करावी, याला माझी तरी ना नाही. करोनात बंद ठेवल्याच होत्या की, परंपरा काही बुडाली नाही.

विहीर_कोरडी :
शॉवरचं पटलं. दुष्काळात न उघडण्याचं तुम्ही लिहिलंत ते चांगलं केलंत, तेवढं कमिटीवाल्यांनी पण जाहीर म्हणावं.

ताशा_तर्री :
पाडव्याचं मी लिहितो, पथकात आहे. पाडव्याच्या आधी गंगेवर पाडवा पटांगणावर तीन गोष्टी बघाच, महारांगोळी, महावादन आणि अंतर्नाद. महावादनात वेगवेगळ्या पथकांचे ढोल एकत्र वाजतात आणि अंतर्नाद म्हणजे शहरातल्या गायन-वादन-नृत्याच्या क्लासची पोरं एकाच वेळी एकत्र सादर करतात. रांगोळीला माणसं लागतातच लागतात, उन्हं उतरली की बसायचं आणि पाठ मोडेपर्यंत भरत राहायचं, चित्र यायलाच पाहिजे असं काही नाही, आखणी करून दिलेली असते, चिमटीतून सारखी रांगोळी सोडता आली की झालं.

ढोलाबद्दल लोकांना वाटतं की पाडव्याच्या दिवशी कमरेला बांधला आणि वाजवला. तसं नसतं. सराव महिनाभर आधीपासून चालू असतो, नवीन मुलं आधी नुसत्या हाताने मांडीवर ठेका घोटतात, मग टिपरू हातात मिळतं. ढोलाचं वजन कमरेवर येतं, पहिल्या आठवड्यात कंबर काळीनिळी होते. आमच्यात अर्ध्याहून जास्त मुली आहेत आणि ताशावर सध्या सगळ्यात पक्क्या हाताची एक शाळेतली बाई आहे.

डोंबिवलीकर :
वाचतोय, मस्त चाललाय धागा. पाडव्याच्या स्वागतयात्रेचा विषय निघालाच आहे तर अभिमानाने सांगतो की ही प्रथा आमच्या डोंबिवलीतून सुरू झाली, १९९९ साली, श्री गणेश मंदिर संस्थानाने सुरुवात केली आणि मग ठाणे, गिरगाव, नाशिक सगळीकडे पसरली. त्या दिवशी सकाळी फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते, अख्खं गाव नटून बाहेर. आमच्याकडे संस्था चित्ररथ करतात, शाळा, वाचनालयं, हॉस्पिटलवाले, ज्येष्ठ नागरिक संघ, सगळे. मला वाटतं ही यात्रा टिकली ती संस्थांमुळे, एकट्यादुकट्याच्या हौसेने नाही.

गच्चीवरून :
यात्रा चांगलीच, पण आवाजाचं बोला कोणीतरी. घरात आजारी माणूस असलं की काय होतं ते ज्याचं त्याला माहीत. कायद्याने रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल इतकीच मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, सरकार वर्षात पंधरा दिवसांपर्यंत बारा वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, तेवढंच. प्रत्यक्षात डीजेची भिंत दारासमोर उभी राहते तेव्हा खिडकीच्या काचा थरथरतात.

ताशा_तर्री :
@गच्चीवरून शंभर टक्के मान्य, आणि मी ढोलवाला असून सांगतो की ढोलाचाही त्रास होतो. आम्ही हॉस्पिटलसमोर वादन पूर्ण थांबवतो, नुसता ध्वज पुढे जातो. तुमच्या गल्लीत कोणी आजारी असेल तर आदल्या दिवशी पथकप्रमुखाला येऊन सांगा, खरंच थांबतात. पण डीजे आणि ढोल एका मापात मोजू नका. डीजेला बटण दाबणारा एक माणूस लागतो, पथकाला शंभर माणसं महिनाभर घडवावी लागतात. मिरवणुकीत डीजे आला की पहिल्यांदा लेझीमवाले गेले, मग झांजवाले, मग संबळ-हलगीवाल्यांच्या सुपाऱ्या गेल्या. ज्यांचं पोट त्यावर होतं ते आता दुसरं काहीतरी करतात.

रामकुंड_पलीकडे :
रथाबद्दल कोणी लिहीना म्हणून लिहिते, आमचं माहेर पंचवटीत. पाडव्यापासून काळारामाचं वासंतिक नवरात्र बसतं, रामनवमी होते आणि एकादशीला दोन रथ निघतात, एक रामाचा आणि एक गरुडाचा. दोन्ही दोरांनी माणसंच ओढतात, तालमीची मंडळी पुढे असतात. यातली बघण्यासारखी गोष्ट म्हणजे बुवा, म्हणजे मंदिराचे त्या वर्षीचे मानकरी पुजारी, ते रामाकडे तोंड करून सगळा रस्ता उलटे चालतात. देवाला पाठ दाखवायची नाही म्हणून. मागे काय आहे ते त्यांना दिसत नाही, खड्डा, उतार, पायरी, सगळं बाजूची माणसं हाताने सांभाळतात, आणि नजर रथावरून हलत नाही. गर्दीत मी लहानपणी फक्त त्यांचे पाय बघत राहायचे, अनवाणी, टाच आधी टेकून मग पाऊल.

रामाचा रथ गंगा ओलांडत नाही, अलीकडेच थांबतो. गरुडाचा रथ पलीकडे गावात जाऊन फिरून येतो. मग दोन्ही रामकुंडावर, तिथं देवांना अवभृथ स्नान, म्हणजे उत्सव संपतानाचं स्नान, घालतात, तोवर बरीच रात्र झालेली असते. सगळा मार्ग सडा-रांगोळीने भरलेला असतो, दर दोन घरांआड कोणीतरी पाणी, सरबत देत असतं.

निळं_पाखरू :
रथाचं लिहिलंत तर पूर्ण लिहा. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी याच मंदिरासमोर, अस्पृश्यांना आत प्रवेश मिळावा म्हणून, सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं होती, आपलेच नाशिक जिल्ह्यातले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रथाच्या दिवशी असं ठरलं होतं की रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढायचा. आयत्या वेळी सत्याग्रहींना दोराला हात लावू न देताच रथ पळवला आणि वर दगडफेक झाली, माणसं रक्तबंबाळ झाली. सत्याग्रह पुढे पाच वर्षं चालला आणि मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा, हिंदू म्हणून मरणार नाही ही. आमच्या घरात रथ म्हटलं की हे आठवतं. सणाची माहिती देताना हे पान वगळून पुढं जाऊ नका एवढंच म्हणणं आहे.

रामकुंड_पलीकडे :
@निळं_पाखरू तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. आमच्या वाड्यातही याबद्दल मोठी माणसं बोलायची नाहीत, मला ते कॉलेजात गेल्यावर वाचून कळलं. ते या धाग्यात राहिलंच पाहिजे.

निळं_पाखरू :
आणि १४ एप्रिलही याच दिवसांतला आहे, त्याला फक्त मिरवणूक समजू नका. आदल्या रात्री बारा वाजता पुतळ्यापाशी मेणबत्त्या घेऊन घरंच्या घरं येतात, नवे पांढरे कपडे, कडेवर पोरं. आमच्या वस्तीत जयंतीच्या आठवड्यात भीमगीतांच्या सामन्याला जी गर्दी होते ती कुठल्या नाटकाला होत नसेल, दोन गायन पार्ट्या समोरासमोर, सवाल-जवाब, रात्र सरते. दिवसभर पुस्तकांचे स्टॉल असतात आणि पुस्तकं खरंच विकली जातात. जयंती साजरी करायची सुरुवात पुण्यात १९२८ मध्ये जनार्दन रणपिसे यांनी केली. या वर्षी या, वहीवाटप असतं, वह्या बांधायला आणि वाटायला माणसं लागतात.

नवीन_नाशिककर :
जयंतीला नक्की येतो, मुलालाही आणतो. त्याच्या शाळेतल्या जुन्या पुस्तकांचे दोन खोके आहेत, ती चालतील का?

निळं_पाखरू :
चालतील काय, पळतील. पानं फाटलेली तेवढी बाजूला काढा.

सदाशिव_पेठ :
मी पुण्याचा, पण व्याख्यानमालेचा उल्लेख बघून राहवेना. आमच्याकडची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली, दीडशे वर्षं झाली. नाशिकची मात्र मी एकदा ऐकलीय आणि मला ती जागाच फार आवडली, यशवंतराव महाराज पटांगणावर, उघड्यावर, नदीकडून वारा येतोय, कोणी चपला उशाला घेऊन आडवा होऊन ऐकतोय, भेळवाला पण हळू आवाजात बोलतोय. बंद हॉलमध्ये तिकीट काढून बसलेला श्रोता वेगळा आणि संध्याकाळी गंगेवर फिरायला आला आणि विषय आवडला म्हणून टेकला तो श्रोता वेगळा. पण आता पुढच्या रांगा सगळ्या पांढऱ्या केसांच्या असतात, तरुण दिसत नाहीत.

लेन्सवाली :
तरुण येतील हो, विषय तसे ठेवा आणि आधीपासून कळवा. मे महिन्यातल्या व्याख्यानांची यादी व्हॉट्सॲपवर दोन दिवस आधी येते, नोकरी करणाऱ्याने कसं जमवायचं? हे कमी खर्चात सुधारता येण्यासारखं आहे.

आणि कोणी लिहिलं नाही म्हणून, या सगळ्याच्या आधी २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा वाढदिवस, मराठी भाषा गौरव दिन. टिळकवाडीत त्यांच्या घरी जाऊन या. माझ्यासाठी नाशिकचा वसंत तिथूनच सुरू होतो.

गंगाघाट :
धागा चांगला भरला. आता कामाचं. ज्यांना खरंच यायचंय त्यांनी खाली फक्त कशाला येणार ते लिहा : रहाड उकरणे, फुलं खुडणे, महारांगोळी, रथाच्या वाटेवर पाणी, वह्या वाटप. नंबर इथं उघड टाकू नका, मला संदेश करा, मी त्या त्या गल्लीतल्या माणसाशी गाठ घालून देतो. रहाड उकरायला येणाऱ्यांनी जुने बूट घाला, ओंडके जड असतात आणि खालून विंचू निघतो कधी कधी.

विहीर_कोरडी :
रहाड उकरणे. आणि दुष्काळाच्या वर्षाचा विषय तिथं बैठकीत मांडणार.

नवीन_नाशिककर :
महारांगोळी आणि वह्या. बायको म्हणते तिला ढोल शिकायचाय, या वर्षी उशीर झाला का?

ताशा_तर्री :
पाडव्यासाठी उशीर झालाय, पण ध्वज धरायला माणूस हवाच आहे. सरावाला पाठवा, संध्याकाळी साडेसहाला, पाण्याची बाटली आणि कानात घालायला कापूस.

पेठरोड :
फुलं खुडणे. दोन पोती मी आणतो, शनिवारी पहाटे हरसूलकडे निघणार, गाडीत तिघांची जागा आहे.

तिवंध्याची_सून :
मी येते, आणि गल्लीतल्या अजून दोघी. कढई आमच्याकडे आहे.

लेन्सवाली :
रथाच्या वाटेवर पाणी. एक विचारायचं होतं, दोराला बायकांनी हात लावलेला चालतो का?

रामकुंड_पलीकडे :
गर्दी सरकते तेव्हा आम्ही लावून घेतोच, भक्तीने लावायचा आणि बाजूला व्हायचं. फक्त दोन दोरांच्या मध्ये उभ्या राहू नका, दोर ताणला की बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि बुवांच्या मागची जागा मोकळी ठेवा. पाण्याची पिंपं दुपारी तीनला माझ्या भावाच्या दुकानापाशी लागतील, तिथं भेटू.